बिल्डरने बालवाडीला कबूल केलेला हॉल आता कुणी द्यायचा?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

बिल्डरचं नाव देत नाही, संस्थेचंही नाही. पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या अलीकडे, वस्तीतल्या आणि बांधकामावरच्या मुलांसाठी बालवाडी आणि संध्याकाळची अभ्यासिका चालवणारी एक जुनी संस्था आहे. पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागे खेळायला मोकळी जागा, एवढाच पसारा. मी तिथे शनिवारी गणित शिकवतो.

शेजारच्या प्लॉटवर चार टॉवर उभे राहिले. भूमिपूजनाला बिल्डरने स्टेजवरून, नगरसेवकांच्या देखत तीन गोष्टी कबूल केल्या. तळमजल्यावर हजार स्क्वेअर फुटांचा हॉल बालवाडीला कायमचा, काम चालू असेपर्यंत साइटवर पाळणाघर, आणि संस्थेच्या आवाराला कंपाउंड वॉल. संस्थेने मागची मोकळी जागा साइट ऑफिससाठी आणि सळया ठेवायला दिली, एक पैसा भाडं न घेता. रात्रीच्या काँक्रीटच्या आवाजाबद्दल वस्तीतले लोक महापालिकेत तक्रार द्यायला निघाले, तेव्हा विश्वस्तच मध्ये पडले आणि त्यांना थांबवलं.

ओसी, म्हणजे इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला, येऊन गेली. भिंत झाली, पण अर्धीच. गेट आहे, गेटवर 'यांच्या सौजन्याने' अशी संगमरवरी पाटी आहे, आणि डावीकडे चार पावलांवर भिंत संपते. खेळायच्या जागेवर ओतलेलं पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, तसंच आहे. कडेच्या मातीतून अजून बायंडिंग वायरचे तुकडे निघतात, मुलं यायच्या आधी बाई ते वेचतात. पाळणाघर म्हणून पत्र्याची शेड उभी राहिली होती, काही आठवड्यांत तिच्यात टाइल्सचे खोके आले. हॉल आधी सेल्स ऑफिस होता, आता सोसायटीची जिम आहे. ब्रोशरमध्ये मात्र आमच्या मुलांचा पानभर फोटो छापला आहे.

लोक म्हणतात, दानाला जबरदस्ती कसली? दान कसलं? त्यांनी जागा वापरली, वस्तीचं गप्प बसणं वापरलं, मुलांचे चेहरे वापरले. त्याचा मोबदला ठरला होता आणि तो थकला आहे. सध्याच्या रहिवाशांनीही यात हात झटकू नयेत, असं मला वाटतं. बोला.

वीटबंदी

साइटवर आयुष्य गेलंय, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. शिव्या पडल्या तरी चालतील.

भूमिपूजनाच्या स्टेजवर बोललेलं कुणी बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या आणि मापांच्या यादीत, घालत नाही. तिथे मालक बोलतो, नकाशा आर्किटेक्ट काढतो, पैसा बँक सोडते, आणि तिघांची गाठ क्वचित पडते. तो तळमजल्यावरचा हॉल मंजूर नकाशात बहुतेक सोसायटी ऑफिस नाहीतर फिटनेस सेंटर म्हणून दाखवलेला असणार. म्हणजे सामाईक जागा. ती बिल्डरची राहतच नाही. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे सगळं सोसायटीच्या नावे करून द्यावं लागतं. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंगसुद्धा बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सांगितलं. मग हॉल बाहेरच्या संस्थेला कसा देणार? आज त्याच्या मनात आलं तरी देता येणार नाही.

शिवाय 2020 मध्ये लॉकडाउन लागला आणि मजूर गावी गेले. कित्येक प्रोजेक्टचे हिशोब तिथेच बसले.

पाटीपेन्सिल

मंजूर नकाशा त्याच्याच टेबलावर होता ना? देता येणार नाही हे ठाऊक असून कबूल केलं, की ठाऊक नसताना? यातलं कुठलं उत्तर त्याच्या बाजूचं आहे ते सांगा. आणि लॉकडाउनमुळे जिम अडली नाही, क्लबहाउस अडलं नाही. अर्धी भिंत तेवढी अडली?

भोचक भवानी

नगरसेवकांच्या देखत म्हणालात, तिथेच हसू आलं. साक्षीदार भारी निवडलेत.

हिशेबनीस

मी काही धर्मादाय संस्थांचं ऑडिट करतो. माझा राग बिल्डरपेक्षा विश्वस्तांवर जास्त आहे.

संस्थेची जागा विश्वस्तांच्या घरची नसते. सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर 1950 च्या कायद्यातल्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इथे भाडेपट्टाही नाही, भाडंही नाही, 'वापरा हो' एवढंच. ठराव झाला का? इतिवृत्तात हॉलचा उल्लेख आहे का? माझ्या अनुभवात अशा वेळी वहीत लिहिलेलं असतं: 'मा. अध्यक्षांनी चर्चा करावी असे ठरले.' चर्चा होते, शाल-श्रीफळ होतं, फोटो होतो.

आणि 'सीएसआरमधून (कंपन्यांच्या सक्तीच्या सामाजिक खर्चातून) द्या' हे सांगायला आता कुणीतरी येईलच, म्हणून आधीच सांगतो. कंपनी कायद्याचं कलम 135 लागू व्हायला 500 कोटींची नेटवर्थ, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीतरी लागतं. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च. बरेच प्रोजेक्ट मात्र स्वतंत्र एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या) नावावर असतात आणि एलएलपीला हे कलम लागत नाही. ब्रोशरवर ग्रुपचं नाव मोठ्या अक्षरात, करारावर एलएलपीचं. सही कुणाची आहे ते आधी बघा.

पाटीपेन्सिल

ठराव आहे, दोन ओळींचा. आणि बिल्डरच्या लेटरहेडवर एक पत्र आहे, जसंच्या तसं देतो: 'प्रकल्प पूर्ण होईपर्यंत आपली जागा विनामूल्य वापरण्यास दिल्याबद्दल आभारी आहोत. बालवाडीच्या हॉलबाबत आपल्याशी झालेल्या चर्चेप्रमाणे योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' खाली सही आणि शिक्का.

कलमकसाई

वकिली करतो. हे पत्र धागा सुरू करतानाच द्यायला हवं होतं, कारण त्याने प्रकरण बदलतं.

नुसत्या देणगीच्या शब्दाला आपल्याकडे कोर्टात किंमत नाही. 1872 च्या करार कायद्यात, कलम 25 चे मोजके अपवाद सोडले तर मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल. पण याच विषयावर दोन जुने निकाल आहेत. 1886 मध्ये कलकत्ता हायकोर्टापुढे हावड्याच्या टाउन हॉलचं प्रकरण आलं. एकाने 100 रुपये वर्गणी कबूल केली होती. वर्गणीदारांच्या भरवशावर बांधकामाचं कंत्राट दिलं गेलं आणि गृहस्थांनी हात आखडले. कोर्टाने पैसे भरायला लावले. उलट 1914 मध्ये अलाहाबादला मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले 500 रुपये बुडाले, कारण त्या शब्दावर विसंबून कुणी काही केलंच नव्हतं.

म्हणजे कोर्ट विचारणार, शब्दावर भरवसा ठेवून तुम्ही काय केलंत? तुम्ही जागा दिलीत, आणि ती फुकट वापरल्याचं बिल्डरने स्वतः लिहून दिलं आहे. त्याच पत्रात, पुढच्याच वाक्यात हॉल येतो. तो निव्वळ दानाचा शब्द होता असं म्हणणं त्याला जड जाईल.

आता वाईट बातमी. हॉल मिळणार नाही. स्थावर मिळकतीचं दान नोंदणीकृत दस्त आणि दोन साक्षीदार असल्याशिवाय होतच नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 123. मागायची ती भरपाई: जागेच्या वापराची रक्कम, पीसीसी काढण्याचा खर्च, उरलेली भिंत. आणि मुदत साधारण तीन वर्षं, तेव्हा ओसीची तारीख आजच बघा. हिशेबनीसांनी काढलेलं कलम 36 समोरचा वकीलही काढेल. भाडेपट्टा नव्हता, वापराची तोंडी मुभा होती, अशी मांडणी करावी लागेल.

भोचक भवानी

वाचनखूण साठवली. पुढच्या भूमिपूजनाला वकील घेऊन जाते.

पाळणाघरवाली

सगळे हॉलवरच अडून बसलेत. पाळणाघराचं काय?

मी बरीच वर्षं साइटवरच्या पाळणाघरांत काम केलंय. पाळणाघर ही मेहेरबानी नसते. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्यातल्या कलम 35 ने 50 पेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी बाई सक्तीची केली होती. साइटवर काय होतं ते सांगते. प्लास्टरची टोळी एका ठेकेदाराची, टाइल्सची दुसऱ्याची, माती उचलणाऱ्या तिसऱ्याच्या. बायका एकाच नळावर पाणी भरतात, पण मस्टर, म्हणजे हजेरीपट, वेगवेगळे. कुठल्याच मस्टरवर पन्नास होत नाहीत. मग आई वर पाचव्या मजल्यावर आणि बाळ खाली, स्लॅबला टेकू देणाऱ्या दोन जॅकना बांधलेल्या साडीच्या झोळीत, राखायला सात वर्षांची बहीण. त्या बहिणीची शाळा तिथेच संपते.

बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर बिल्डर भरतो, तो याच मजुरांच्या नावाने जमा होतो. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टात काय बाहेर आलं आठवतं? देशभरातले हजारो कोटी पडून, आणि त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीनवर खर्च. जून 2019 मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, 15 जण गेले, त्यात मुलंही होती. थोडे दिवस बातम्या आल्या.

हे काम मुंबई-पुण्यात नवीन नाही. साइटवर पाळणाघरं चालवणारी मोबाइल क्रेशेस ही संस्था 1969 मध्ये दिल्लीत सुरू झाली, 1972 मध्ये मुंबईत आली. आम्ही तरी काम सुरू व्हायच्या आधी जागा, पाणी, वीज आणि खर्चातला वाटा लिहून घ्यायचो, आणि पहिला चेक वटल्याशिवाय शेडला हात लावायचो नाही. बिल्डर चांगला की वाईट हा प्रश्नच आम्ही कधी धरला नाही.

वीटबंदी

मस्टरचं खरं आहे, नाकारत नाही. पण ते पापही मुख्य बिल्डरच्या नावावर टाकू नका. लेबर ठेकेदार हा वेगळाच प्राणी आहे.

पाळणाघरवाली

भाऊ, त्याला बोलावतं कोण? दर ठरवतं कोण?

सी विंग

वर्णनावरून ओळखलं. ही आमचीच सोसायटी. त्यामुळे स्पष्ट लिहितो.

आम्हाला ताबा दीड वर्ष उशिरा मिळाला. तोवर घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरत होतो. पोडियम (पार्किंगवरची सामाईक गच्ची) गळतो, दुसरी लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद. बिल्डरने शब्द न पाळलेल्यांच्या रांगेत आम्हीही उभे आहोत, आणि आमचा शब्द तर नोंदणीकृत करारात आहे. जिमची मशीन आम्ही वर्गणी काढून आणली, बिल्डरने नुसते आरसे लावले. आता तो हॉल सोडा म्हणता? कशासाठी? कबूल आम्ही केलं नव्हतं. शिवाय त्या हॉलचा दरवाजा थेट लॉबीत उघडतो. रोज शे-दीडशे मुलं, पालक, सुरक्षेचं कोण बघणार?

हो, मला माहीत आहे, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची नातवंडं त्याच बालवाडीत आहेत. म्हणून माझा मुद्दा चुकीचा ठरत नाही.

पाटीपेन्सिल

ब्रोशरमधला तो फोटो तुम्ही पाहिला होता?

सी विंग

पाहिला होता. खाली 'कम्युनिटी लर्निंग सेंटर, तळमजला' असं होतं. बायकोला आवडलं होतं. आम्हाला वाटलं सोसायटीतल्या मुलांसाठी आहे. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असेल.

कलमकसाई

मग एक गंमत बघा. 2016 च्या रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याचं कलम 12 म्हणतं, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले आणि ज्याचं नुकसान झालं, त्याला प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची. ते सेंटर ब्रोशरमध्ये दाखवलं आणि दिलं नाही, ही तक्रार महारेरात, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणात, कुणाच्या तोंडी शोभेल? फ्लॅटधारकाच्या. बालवाडीने फ्लॅट घेतलेला नाही, तिथे तिचं वजन कमी. ज्या मुलांचा फोटो छापून फ्लॅट विकले, त्या फोटोवर दाद मागायचा हक्क सी विंगकडे आहे. आणि हॉल मिळाला नाही याचा फायदाही सी विंगलाच होतो आहे. बिल्डर एवढा निवांत का आहे, ते यावरून कळतं.

भोचक भवानी

सी विंग, आता ट्रेडमिलवरून उतरून उत्तर द्या.

सी विंग

मी जिमला जात नाही, गुडघे दुखतात.

ब्रोशर आणि बुकिंगच्या वेळचे ईमेल माझ्याकडे आहेत. पोडियमसाठी आम्ही महारेरात जाणारच आहोत, त्यात हा मुद्दा घालायला समितीसमोर ठेवतो. बिल्डरकडून वसूल झालं तर त्यातून बालवाडीच्या आवारातच पक्क्या खोल्या बांधाव्यात, त्या ठरावाला माझी सही घ्या. संस्थेला लागतील तर कागदांच्या प्रतीही देतो. पण जिमचा हॉल रिकामा करा असा विषय आला, तर विरोधातलं पहिलं मत माझं असेल. हे इथेच लिहून ठेवतो, नंतर फसवलं म्हणू नका.

पाटीपेन्सिल

हॉलवरचा हक्क मी सोडलेला नाही. पण प्रती घ्यायला येतो. रविवारी चालेल?

सी विंग

अकरानंतर या. गेटवर ॲपमध्ये एंट्री टाकून ठेवतो.

हिशेबनीस

जायच्या आधी विश्वस्तांची सभा लावा. प्रती कोण आणणार, दावा कुणाच्या नावाने करणार, पैसे आलेच तर कुठल्या खात्यात जाणार, सगळ्याचा ठराव करा. आणि सूचक-अनुमोदकांच्या सह्या त्याच दिवशी घ्या, पुढच्या सभेत नाही.