रंगाआधी वजन बघा

बोनफिश या उथळ समुद्रातल्या माशासाठी फ्लाय (गळावर दोरा-केस बांधून केलेलं नकली आमिष) बांधताना तिचा रंग तळाच्या वाळूशी जुळला की निम्मं काम झालं, असं म्हणतात, ते पटतं. पण उथळ पाण्यात माझे मासे रंगापेक्षा वजनानेच जास्त बिथरलेत. घोट्याएवढ्या पाण्यात शिशाचे डोळे (वजनासाठी डोळ्यांच्या जागी बांधलेले गोळे) लावलेली फ्लाय डुबुक करून पडली की बोनफिश क्षणात दिसेनासा होतो. उलट ओढ असलेल्या खोल पाण्यात हलकी फ्लाय तळापर्यंत पोचतच नाही, आणि बोनफिश तर तळातलंच खातो. म्हणून मी एकच नमुना तीन वजनांत बांधतो: घोट्यापर्यंत डोळ्यांशिवाय, गुडघ्यापर्यंत मण्यांच्या साखळीचे डोळे, त्यापुढे शिशाचे. फ्लायच्या डोक्यावरचा दोरा तिन्हींना वेगळ्या रंगाचा, म्हणजे मासा समोर असताना डबीत शोधाशोध होत नाही.

आणखी एक. डोळे गळाच्या दांडीवर, टोचणाऱ्या टोकाच्या विरुद्ध बाजूला हवेत, केसांचा पंख टोकाच्या बाजूला. मग फ्लाय पाण्यात उलटते, टोक वर राहतं आणि गवतात अडकत नाही. डोळ्यांवर तिरके, एकमेकांना छेदणारे वेढे घट्ट घ्या, पण गोंद लगेच लावू नका. आधी बादलीभर पाण्यात सोडून बघा. कुशीवर कलंडत बसली तर डोळे वाकडे बसलेत; दोरा ओला असतानाच बोटाने सरळ करता येतात. मी हे करायला लागल्यापासून फुकट गेलेल्या फ्लाय जवळजवळ संपल्याच. गोंद मात्र फ्लाय पूर्ण वाळल्यावरच लावा.