मदत हवी आहे: कॅलरीमीटरमध्ये (उष्णता मोजायच्या उपकरणात) तापमानाचा बारीक फरक स्वस्तात कसा मोजावा?

यवतमाळ जिल्ह्यातलं ज्युनिअर कॉलेज. 1989 चा पॉन्स-फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांचा कोल्ड फ्युजनचा (साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळून उष्णता मिळते, असा) दावा उष्णता मोजण्यावरच कसा अडला, हे पोट्ट्यांना करून दाखवायचंय. फ्युजन करायचं नाही, घाबरू नका! त्यांनी वापरलेलं पॅलॅडियम, जड पाणी परवडणारं नाहीच. साधं पाणी, निकेलची तार, पोटॅशियम कार्बोनेट घेऊन सेलमध्ये विजेने पाण्याचं विघटन करतो.

सेलभोवतीच्या नळीतून मिनिटाला 100 मिली पाणी फिरतं. 5 वॅटला ते जेमतेम 0.7 अंश तापतं, आणि डीएस18बी20 या स्वस्त डिजिटल तापमान सेन्सरची चूकच अर्धा अंश! दोन्ही सेन्सर एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातला फरक वजा केला, रेझिस्टर तापवून (माहीत असलेली उष्णता देऊन) कॅलिब्रेशनही झालं. सकाळी आकडे जुळतात. दुपारी कूलर लावला की सरकतात. प्रवाह कमी केला तर फरक वाढतो, पण बाहेर जाणारी उष्णताही वाढते.

डबा थर्मोकोलचा, वीजपुरवठा बॅटरीवर (लाइटचा भरवसा नाही). वायू बाहेर सोडतो, म्हणून व्होल्टेजमधून 1.48 व्होल्ट (पाणी फोडण्यात जाणारा वाटा) वजा करूनच उष्णतेची पॉवर काढतो. बजेट 3 हजार.

0.05 अंशाचा फरक भरवशाने मोजायला जोडीचे थर्मिस्टर (तापमानाने रोध बदलणारे सेन्सर) घ्यावेत की चार तारांचे पीटी100 (प्लॅटिनमचे सेन्सर)? आणि खोली 40 च्या वर गेल्यावर डब्याभोवती नुसतं पाण्याचं आवरण पुरेल का?