ताजी मासळी: खरी चव की सुट्टीची भूक?

रपणकर: गेल्या आठवड्यात तारकर्लीला होतो. सकाळी रपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, मीही दोराला हात लावला. जाळं वाळूवर आलं तेव्हा बांगडे अजून उड्या मारत होते. दोन तासांत त्यातलेच चार तिरफळं घालून ताटात आले. पुण्यात परतल्यावर सुरमई आणली आणि पहिल्याच घासाला पस्तावलो. माझं स्पष्ट मत: किनाऱ्यापासून लांब राहून मासे खाणं हा नुसता हट्ट आहे. घाटावरच्यांनी मटण खावं.

घाटावरची: अहो, बांगड्याची तुलना सुरमईशी? तीही दोर ओढून कडकडून भूक लागलेली असताना? तेव्हा पिठलंसुद्धा गोड लागलं असतं.

बर्फखाना: ट्रॉलर समुद्रात आठ-आठ दिवस असतात. धक्क्यावर 'आजचा माल' म्हणून घेता तो आज उतरलेला असतो, आज धरलेला नव्हे. आणि तरी तो चांगला असतो, कारण धरल्याबरोबर बर्फात गेलेला असतो. उलट बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. मासे खाऊन अंगावर गांध्या उठतात, त्यामागे बरेचदा हेच असतं. वाळूवरचं कौतुक जपून करा.

रपणकर: उन्हात ठेवतंय कोण? रपणीचा मासा वाळूवरच वाटे लावून संपतो. बर्फातल्या माशाला पाणी सुटतं, तारली-मुडदुशांची तर पार रया जाते. गोव्यात २०१८ साली फॉर्मेलिनवरून, म्हणजे मासा टिकावा म्हणून लावलेल्या विषारी रसायनावरून, रान उठलं, बाहेरून येणाऱ्या मासळीवर बंदी आली. ते लांबच्या मालामुळेच ना?

बर्फखाना: ती लबाडी झाली. बर्फ पुरेसा असेल तर फॉर्मेलिन लागतंय कशाला?

कोळीवाड्यातली सून: तुम्ही दोघं सगळ्या माशांना एकाच टोपलीत घालताय. सुरमईचं मांस घट्ट, बर्फात दोन दिवस सहज निघतात. मोरी, म्हणजे छोटा शार्क, शिळी झाली की दर्प मारते, मसाला कितीही घाला. बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, सकाळचा दुपारी लिबलिबीत. तो एक तर ताजा तळावा, नाहीतर बांबूंवर टांगून सुकवावा, मधलं काही नाही.

आणि १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजं पापलेट' म्हणून कुणी पुढे केलं तर कुठून आलं ते विचारा. २०२३ साली त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा केलंय, तरी ताजं ताजं म्हणत लोक तळहाताएवढी पिल्लं उचलतात, याचा जास्त राग येतो मला. आमच्याकडे पावसाळ्यात सुकट, सोडे (सोललेली सुकी कोळंबी), खारा बांगडा. शिळं म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

रपणकर: पापलेटाचं मान्य. बांगड्याचं नाही.

घाटावरची: ताई, सोडे घालून वांगं कसं करता ते सांगा. यांना मटण खाऊ दे.