नऊ वर्षांच्या कुत्र्याला फिट, एमआरआय कुठं होईल?

मंडळी, आमच्या राजाला (लॅब्रॅडॉर, वय ९) महिन्यात तिसऱ्यांदा फिट आली. परवा रंकाळ्यावरनं फिरून आला आणि दारातच कोसळला. दोनेक मिनिटं पाय झाडत होता, तोंडाला फेस. आई नाकाला कांदा लावायला धावली, तिला कसंबसं थांबवलं! नंतर तासभर भिंतीला डोकं टेकून उभा.

फेनोबार्बिटोन (फिट रोखायचं औषध) दर १२ तासांनी चालू आहे. साखर, लिव्हर ठीक. डॉक्टर म्हणाले, साधा अपस्मार (दुसरं कारण नसलेला फिटचा आजार) बहुधा ६ महिने ते ६ वर्षांत सुरू होतो. या वयात पहिली फिट म्हणजे मेंदूत गाठ किंवा सूज नाही ना, हे बघायला हवं.

कोल्हापूर-सांगलीकडं कुत्र्याचा एमआरआय कुणी केलाय का, की पुणंच गाठावं लागेल? या वयात एमआरआयसाठीची भूल झेपली का? आणि वाटेत गाडीतच फिट आली तर?