जुन्या काळाचा वास असलेली नवी प्रेमगाणी : तुमच्या आठवणी लिहा

टाचणी
काल बाबांचं शिवणाचं पायमशीन गेलं. घेणारे टेम्पो घेऊन आले होते. आम्ही तिघं मशीन जिन्यावरून उतरवत होतो आणि टेम्पोतल्या एफएमवर 'टिक टिक वाजते डोक्यात' लागलं. बाबा वर गॅलरीत उभे होते. मशीनबद्दल काही बोलतील असं वाटलं, तर म्हणाले, "आवाज वाढव जरा."

रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहितेय.

२०१३ चा जुलै. 'दुनियादारी' १९ तारखेला लागला आणि पुढच्याच आठवड्यात मी बाबांना घेऊन गेले. बाबा एरवी सिनेमाला येत नाहीत. पण सुहास शिरवळकरांची कादंबरी त्यांनी दुकानात बसून वाचली होती, एक गिऱ्हाईक मापं द्यायला आलेलं असताना विसरून गेलं होतं ती. काजं करता करता चार महिन्यांत संपवली. नंतर ते गिऱ्हाईक परत आलं तेव्हा शर्टाबरोबर पुस्तकही घडी करून दिल्यासारखं कागदात बांधून दिलं.

तर थिएटरात 'टिक टिक' सुरू झालं. सगळे स्वप्नील जोशी आणि सई ताम्हणकरकडे बघत होते, बाबा पँटच्या मोहऱ्या, म्हणजे खालचा घेर, बघत होते. मध्यंतरात मला समजावून सांगितलं, बेलबॉटम गुडघ्याला बसली पाहिजे, तरच खाली फुलते. १९७४ ला त्यांनी काकांच्या हाताखाली शिवायला सुरुवात केली तेव्हा पहिली दोन वर्षं दुसरं काही शिवलंच नव्हतं म्हणे. आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी त्याआधी चाळीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. ती इथे लिहीत नाही, त्यांची आहे.

त्या हिवाळ्यात कॉलेजची पोरं गॅदरिंगसाठी दुकानात आली. "काका, 'टिक टिक'वर नाच आहे, तसल्या पँटी पाहिजेत." आठ नग. बाबांनी माळ्यावरून खाकी कागदाचा जुना पॅटर्न काढला. आईने सांगितलं की त्या आठवड्यात जेवायला तीनतीनदा हाक मारावी लागायची.

तुमचंही असं एखादं गाणं असेल. नवं, पण मागच्या काळातलं असल्यासारखं. लिहा.

निवडुंग
मशीन का विकलंत ताई? ठेवायचं ना :(

टाचणी
@निवडुंग, मोतीबिंदूच्या दोन्ही ऑपरेशननंतरही सुईत दोरा ओवता येत नाही त्यांना. नुसतं बघत बसण्यापेक्षा चालू राहू दे म्हणाले. एक मुलगी ब्लाउज शिवायचं काम सुरू करतेय, तिच्याकडे गेलंय. गिऱ्हाईक बाबांनीच निवडलं. चौघांना नाही म्हटलं होतं.

पेठेतला
दुनियादारी मी सहा वेळा पाहिला. सहा. आम्ही कराडला हॉस्टेलवर होतो, पहिलं वर्ष. ऑगस्टमध्ये 'चेन्नई एक्सप्रेस' आला आणि दुनियादारीचे खेळ काढणार अशी चर्चा सुरू झाली, केवढा वाद झाला होता आठवतंय ना. आम्ही पोरं रविवारी नुसतं थिएटरसमोर जाऊन पोस्टर आहे का बघून यायचो. शिरवळकर २००३ मध्ये गेले, दहा वर्षांनी आलेला सिनेमा त्यांना बघायला मिळाला नाही याचं अजून वाईट वाटतं. आमच्या रूममध्ये कादंबरीची एकच प्रत होती आणि तिची पानं सुटून तिचे तीन भाग झालेले. कोण कुठला भाग वाचतोय त्यावर भांडणं.

झिम्मा
@पेठेतला कराड? कुठलं हॉस्टेल? माझा भाऊ त्याच वर्षी होता तिकडे!!

खर्ज
'टिक टिक' आवडतं गाणं आहे. पंकज पडघन यांची चाल सुरेख, सोनू निगम आणि सायली पंकज दोघांनी गायलंयही छान. पण मला विचाराल तर त्यातलं जुनेपण डोळ्यांना दिसतं, कानाला तेवढं ऐकू येत नाही. आवाज २०१३ चाच, स्वच्छ. यात नावं ठेवायचा हेतू नाही, फक्त कानाला जुनं वाटण्यासाठी काय लागतं ते मी एकदा अनुभवलंय म्हणून सांगतो.

माझा घरातल्या एका खोलीत स्टुडिओ आहे. तीन वर्षांपूर्वी एक ताई आल्या. आईवडिलांच्या लग्नाला ४५ वर्षं होणार होती. कविता बाबांनीच केव्हातरी आईला लिहिलेली. म्हणाल्या, याचं गाणं करा, पण त्यांच्या लग्नाच्या वर्षी रेडिओवर लागलं असतं तसं.

मला वाटलं सोपं आहे. कॉम्प्युटरवर टेपची खरखर टाकली, वरून रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम. ऐकलं तर नव्या कोऱ्या भिंतीला पोपडे रंगवल्यासारखं. आठवडाभर अडून बसलो. मग कळलं की खरखर ही त्या काळाची अडचण होती, गंमत दुसरीकडेच होती. तेव्हा वादक एका हॉलमध्ये एकत्र बसायचे, व्हायोलिनच्या माइकमध्ये तबला थोडा सांडायचा, तबल्याच्या माइकमध्ये गायिका. कुणी चुकलं तर सगळ्यांना पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे कान देऊन वाजवायचा.

आम्ही पाच जण एका खोलीत बसलो. ड्रमवर नॅपकिन टाकला, झणझणाट गेला. पंचमदांनी (आर. डी. बर्मन) १९७३ ला 'चुरा लिया'त ग्लासवर चमचा वाजवला तसं काहीतरी सुरुवातीला हवं होतं. घरातले सगळे ग्लास काढले, पाणी कमीजास्त करून सूर लावला. शेवटी जमला तो जाड बुडाचा, आईचा ताकाचा.

अ‍ॅकॉर्डियनसाठी कीबोर्डवरचा आवाज चालेना. शोधत शोधत एक काका मिळाले, ऑर्केस्ट्रात तीस वर्षं वाजवलेले, आता वय ७४. हेडफोनवर क्लिक ट्रॅक दिला तर म्हणाले, "कानात हे टकटक चालू असताना प्रेमाचं गाणं कसं वाजवू?" क्लिक बंद केला. दुसऱ्या अंतऱ्यात लय किंचित चढली सगळ्यांची. थांबवून परत घेणार होतो, तर काकांनी मान हलवली, राहू दे. तिथे कवितेतही तो तिच्या घराचा जिना चढत असतो. राहू दिलं.

आणखी एक त्यांनी शिकवलं. गायिका जिथे श्वास घेते तिथेच अ‍ॅकॉर्डियनच्या भात्याची दिशा बदलायची. म्हणजे दोघांचा श्वास एक होतो. मी पंधरा वर्षं रेकॉर्डिंग करतोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चांदणवेल
@खर्ज आणि त्या आईवडिलांना आवडलं का??? ते राहिलंच की

खर्ज
@चांदणवेल, मी तिथे नव्हतो. ताईंनी फोनवर सांगितलं. आई ऐकत राहिल्या, संपल्यावर बाबांना म्हणाल्या, "दुसरं कडवं तुम्ही बदललंत." कवितेची मूळ प्रत त्यांच्या ट्रंकेत होती, पाठ होती त्यांना. गाण्यात बसवायला आम्ही दोन शब्द बदलले होते. परत जाऊन ती ओळ मूळ शब्दांत गाऊन घेतली. मीटर थोडं अडखळतं. पण आता तेच बरोबर वाटतं.

निवडुंग
ट्रंकेत 😭

माऊ
मी एका हाताने पोळ्या लाटतेय आणि एका हाताने हे वाचतेय. पोळी करपली. चालेल.

सांजवारा
त्याच महिन्यात 'लुटेरा' पण आला होता, ५ जुलै. 'सवार लूँ' कुणालाच कसं आठवलं नाही अजून. अमित त्रिवेदी, मोनाली ठाकूर. गोष्ट १९५३ च्या बंगालमधली आणि गाणं खरंच तसं वाटतं. माझी आजी तेव्हा आमच्याकडे होती, तिला अल्झायमर. टीव्हीवर ते लागलं की ती म्हणायची हे मी लहानपणी ऐकलंय. आम्ही आधी दुरुस्त करायचो, आजी हे नवीन आहे. मग माझ्या बहिणीने एकदा विचारलं, कुठे ऐकलंस? आजीने सगळं सांगितलं. वाड्याचा चौक, शेजाऱ्यांचा रेडिओ, खिडकीत बसलेली तिची मोठी बहीण. त्या बहिणीचं नाव आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं, ती १६ व्या वर्षी गेली होती. त्यानंतर आम्ही कधी दुरुस्त केलं नाही.

टाचणी
@सांजवारा ❤️ काय लिहू. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

रातराणी२२
मी उलट बाजूची. 'टिक टिक' लागलं की मी मांडवातून बाहेर जाते. २०१४ ला ज्याच्याबरोबर पाहिलं होतं… असो. गाण्याचा काही दोष नाही. चांगलं आहे म्हणूनच जास्त त्रास होतो. दहा वर्षं झाली, अजून पूर्ण ऐकलेलं नाही.

चांदणवेल
@रातराणी२२ मिठी. नका ऐकू. पुढच्या लग्नात माझ्या शेजारी येऊन उभ्या रहा, मीपण अशाच एका गाण्याला बाहेर जाते.

बेंजोवाला
आमची बेंजो पार्टी आहे, सांगली भाग. १३ साली गणपतीत हे गाणं बसवलं. फर्माईश एवढी की एका वरातीत नऊ वेळा वाजवलं. मूळ लयीत वरात चालत नाही, पाय उचलत नाहीत, म्हणून लय चढवून वाजवावं लागतं. पण एकदा एका लग्नात नवरा बोलला दादा एकदा सावकाश वाजवा, जसं आहे तसं. वाजवलं. सगळी वरात रस्त्यात उभी राहिली. नाचणारे पण. मागं गाड्या थांबल्या तरी हॉर्न कुणी दिला नाही. परत तसं कधी झालं नाही. लई वाजवलं त्यानंतर, पण तसं नाही.

पेठेतला
@झिम्मा नदीच्या बाजूचं. भावाचं ब्रँच काय? गोरा, उंच, क्रिकेट खेळणारा? त्याच्याकडे माझा कादंबरीचा मधला भाग आहे!!

झिम्मा
@पेठेतला 😂😂 थांबा विचारते. गोरा नाही पण क्रिकेट हो.

जुनी_कॅसेट
रेट्रो म्हटलं की सगळे सत्तरचं दशक म्हणतात. माझ्यासाठी '१९४२ : अ लव्ह स्टोरी'. १९९४. ढाण ढाण गाण्यांच्या गर्दीत ती कॅसेट आली आणि 'एक लडकी को देखा' ऐकून मी दुकानातच उभी राहिले. पंचमदा ४ जानेवारीला गेले होते, सिनेमा नंतर जुलैत आला. मधली वर्षं त्यांच्याकडे काम कमी झालं होतं. त्या गाण्यांना फिल्मफेअर मिळालं तेव्हा घ्यायला ते नव्हते. मी बी.एड.ला होते. कॅसेटची टेप अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची, इतकी गुंडाळली की 'कुछ ना कहो'मध्ये एका जागी आवाज बुडायचा. आता फोनवर ऐकते तेव्हा त्या जागी आवाज बुडत नाही आणि मला चुकल्यासारखं होतं.

खर्ज
@जुनी_कॅसेट अगदी हेच मला वर सांगायचं होतं, तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

कट्यार
मराठीत विचाराल तर 'अश्विनी ये ना'. १९८७, 'गंमत जंमत'. अरुण पौडवाल यांची चाल, किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल. अशोक सराफ आणि चारुशीला साबळे. ते रेट्रो म्हणून केलेलं नव्हतं हे मान्य, पण आज नव्या पोरांच्या ऑर्केस्ट्रात रेट्रो म्हणून हेच पहिलं वाजतं. किशोरदा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. मराठीत ते अजून गायले असते तर, हा विचार दर वेळी येतो.

माऊ
@कट्यार आमच्या 'ह्यां'ना लाडात आणायला मी हेच म्हणते, अश्विनीच्या जागी त्यांचं नाव घालून. बसतं बरोबर मीटरमध्ये.

सुतळी
+१ सगळ्यांनाच. लिहिता येत नाही मला, वाचतोय.

झिम्मा
@पेठेतला भाऊ म्हणाला मधला भाग त्याच्याकडेच आहे. शेवटचा कुणाकडे आहे तेही त्याला माहितीये. फोन नंबर वैयक्तिक निरोपात पाठवते.

पेठेतला
अकरा वर्षांनी!!! टाचणीताई, तुमच्यामुळे पुस्तक पुरं होणार.

शाळामास्तरीण
टाचणी, एक मदत हवी होती. आमच्या दहावीच्या मुलांनी स्नेहसंमेलनात सत्तरच्या दशकातला नाच ठरवलाय. गावात शिवणारे आहेत पण बेलबॉटम कुणी शिवलेली नाही. मोहरी किती ठेवायची? बाबांना विचाराल?

टाचणी
@शाळामास्तरीण विचारलं लगेच. चहा पीत होते, कप खाली ठेवला. म्हणाले, मोहरी चोवीस, मुलं बारीक असतील तर बावीस. गुडघ्याला अठरा, त्याच्या वर नको. खालची दुमड सरळ घ्यायची नाही, पुढून अर्धा इंच वर आणि मागून टाचेवर टेकली पाहिजे, नाहीतर चालताना फडफडत नाही. कापड जड घ्या, हलकं लोंबतं.

मग विचारताहेत गाणं कुठलं आहे. मी म्हटलं काय फरक पडतो? तर म्हणाले फरक पडतो, उड्या मारायच्या असतील तर बैठकीत, म्हणजे पँटच्या मागच्या भागात, पाऊण इंच सैल सोडायला सांग.

शाळामास्तरीण
उड्या आहेत. भरपूर.

टाचणी
मग एक इंच सोडा म्हणताहेत. आणि उरलेलं कापड शिवणीत आत ठेवा, कापू नका. दहावीची पोरं आहेत, उंची वाढेल.