अनुभव धागा: मोर्चाला गेलात, पळापळ झाली, पुढे काय?

परळकरीण
भाची पुढच्या आठवड्यात आझाद मैदानावर मोर्चाला चाललीय. पहिल्यांदाच. जाऊ नकोस म्हणणारे घरात भरपूर आहेत, मी त्यातली नाही. पण सांभाळायचं काय, हे कोणालाही विचारा, उत्तर एकच: "जपून राहा." जपून म्हणजे नेमकं कसं, ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी मोर्चे काढले, ज्यांनी अडवले, जे नुसतेच मध्ये सापडले, सगळ्यांनी लिहा. झेंडा कुठला होता ते नाही लिहिलंत तरी चालेल. काय झालं आणि नंतर काय निस्तरावं लागलं, ते हवंय.

सुरुवात मी करते, तीही उसन्या अनुभवाने. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ माणसं गेली. आजोबा पाळी सोडून तिकडे गेले होते, रात्री चालत परळला आले. आजी त्यावर फारसं बोलायची नाही. ती सांगायची जानेवारी १९५६ चं, गोळीबार गिरणगावात आला तेव्हाचं. पोरांना आतल्या खोलीत कोंडायचं, दाराला गाद्या लावायच्या. पुढे आमच्या लहानपणी खालून साधी गणपतीची मिरवणूक गेली तरी ओरडायची, "गॅलरीत जाऊ नका गं!" बघ्याला काही होत नाही, यावर तिचा विश्वास नव्हता.

आठ_पाचची_लोकल
आजीला माझा नमस्कार सांगा, कारण मी त्या बघ्यांतलाच. २० मार्च २०१८. रेल्वेच्या अप्रेंटिस पोरांनी माटुंगा आणि दादरच्या मध्ये रूळ अडवले होते, कायम नोकरी द्या म्हणून. ऐन सकाळी सगळी मध्य रेल्वे ठप्प. आमची गाडी मागे उभी. बराच वेळ गेला तसे लोक उड्या टाकून चालायला लागले. मीही उतरलो, ऑफिसची बॅग पोटाशी धरून.

थोडं पुढे गेलो आणि समोरून माणसांचा लोंढाच आला. मागे लाठीमार सुरू झाला होता, दगडही येत होते. रुळांवरून पळून बघा कधी. खडीत पाऊल फिरतं, स्लीपरला बूट अडकतो, आणि एका अंगाला भिंत. मला लाठीचा स्पर्शही झाला नाही. मी आडवा झालो आणि माझ्यावर आणखी दोघे पडले. गुडघ्याची वाटी फुटली. पावसाळ्यात अजून बोलते.

तेव्हा गाडी थांबली तर डब्यातच बसा. लेट मार्क परवडतो.

कॅज्युअल्टीवाली
लोकल, तुमच्यासारखेच जास्त येतात हो. मोठी पालिका हॉस्पिटल्स पाहिलीत, त्या अनुभवावर लिहितेय.

लाठीचा वळ लपत नाही. दोन समांतर लाल रेघा आणि मधली कातडी फिकट, कारण काठी पडते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं. डोकं वाचवायला हात वर गेला की कोपर आणि मनगटाच्या मध्ये, करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. एक्स-रे बघून आम्ही विचारतो, "कोणी मारलं?" आणि पेशंट म्हणतो, "जिन्यावरून पडलो." केस होईल ही भीती. बाबांनो, खरं सांगा. एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केसच्या पेशंटच्या, कागदावर जखमेची जागा, लांबी, रंग लिहिला जातो. आठवड्याने वळ पिवळा पडतो, मग कागदाशिवाय तुमच्याकडे काहीच उरत नाही.

मला खरी धास्ती असते ती चालत येणाऱ्या पोरांची. मांड्यांवर, मागे भरपूर मार, हाड एकही मोडलेलं नाही, आणि "मुका मार आहे मॅडम, गोळी द्या, जातो." स्नायू चेचले की त्यातली घाण रक्तात उतरते आणि किडन्या बसू शकतात. दुसऱ्या दिवशी लघवी काळसर तपकिरी झाली किंवा होईनाशी झाली तर हळद-दूध पीत घरी बसू नका. डोक्याला लागल्यावर उलट्या झाल्या, माणूस पेंगायला लागला, तरी तेच: लगेच हॉस्पिटल.

परळकरीण
मॅडम, भाचीला दमा आहे. अश्रुधूर सोडला तर?

कॅज्युअल्टीवाली
इन्हेलर खिशात, बॅगेत नको. बॅग हातातून जाते. काँटॅक्ट लेन्स घालून जाऊ नये, धूर डोळ्यात लेन्सखाली अडकतो. डोळे चोळायचे नाहीत, साध्या पाण्याने धुवत राहायचं. धूर हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खाली वाकून बसणं चूक. वारा जिकडून येतो तिकडे आणि उंचावर सरकायचं. नळकांडं पायाशी पडलं तर हात लावू नका, चांगलंच तापलेलं असतं. आणि दमा जोरात असेल तर त्या दिवशी मैदानाच्या कडेला राहा म्हणावं, मंचासमोर नको. घोषणा तिथूनही ऐकू जातात.

निवृत्त_हवालदार
मी समोरच्या बाजूचा. लिहू की नको असं वाटत होतं.

बंदोबस्त पहाटे लागतो. हेल्मेट, ढाल, अंगावर पॅडचं जाकीट, वर ऊन. जेवणाचं पाकीट येईल तेव्हा. महिला शिपायांच्या बाथरूमचा विषय तर काढूच नका. ही सबब नाही, पण संध्याकाळी चारला समोर जो शिपाई उभा असतो तो कुठल्या अवस्थेत असतो हे माहीत असलेलं बरं. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानावर काय झालं ते आठवा. महिला शिपायांवर हात टाकले, गाड्या जाळल्या, आमचे कितीतरी जखमी, दोन माणसं जिवानिशी गेली. त्यानंतर कित्येक वर्षं मोठा जमाव दिसला की आमच्यातल्या पोरांच्या पोटात गोळा यायचा. घाबरलेल्या माणसाच्या हातातली काठी जास्त जोरात बसते.

शिकवलेलं असं: आधी भोंग्यावरून इशारा, पांगायला वेळ, मग धूर, मग लाठी आणि ती कमरेखाली, गोळी अगदी शेवटी. कागदावर उत्तम आहे. पळणाऱ्याच्या मागे पळताना तो वाकतो, पडतो, आणि कमरेच्या जागी डोकं येतं. अधिकारी चांगला असेल तर एक बाजू मोकळी सोडतो, निम्मी गर्दी आपली आपण निघून जाते. तिन्ही बाजूंनी दाबून "पांगवा" म्हणणारेही पाहिलेत. लोकांनी पांगायचं कुठे?

ताई, भाचीला एवढंच सांगा. पुढच्या रांगेतले शिपाई हेल्मेटची काच खाली घ्यायला लागले आणि गर्दीतली साध्या कपड्यातली आमची माणसं मागे सरकायला लागली, की निघायचं. भोंग्याची वाट बघायची नाही. आणि आत शिरताना बाहेर पडायचं गेट बघून ठेवायचं, शिरलो तेच नव्हे, दुसरं.

घाटकोपर_पूर्व
हवालदारसाहेब, प्रामाणिक लिहिलंत, मानलं. पण इशारा, धूर, लाठी ही उतरंड आम्हाला सांगू नका. ११ जुलै १९९७, रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला, लोक महामार्गावर उतरले, आणि एसआरपीने, म्हणजे राज्य राखीव पोलिसांनी, गोळ्या चालवल्या. १० माणसं गेली. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. माझी मावशी मोर्चात नव्हती, दारात होती. ती वाचली, तिच्या वस्तीतली माणसं नाही. आयोग बसला, खटला चालला, तुकडीच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये. बारा वर्षं. दुसरं गेट बघून ठेवा हे ठीक, पण आपल्याच गल्लीत उभ्या माणसाने कुठलं गेट बघायचं?

निवृत्त_हवालदार
याला माझ्याकडे उत्तर नाही, दादा.

विक्रोळी_पार्कसाइट
जरा वेगळं. १२ मार्च २०१८ ला नाशिकहून चालत आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा सोमय्या मैदानातून रात्रीच निघाला, सकाळी दहावीच्या पोरांच्या पेपरला अडचण नको म्हणून. आम्ही रस्त्यावर पाणी, बिस्किटं घेऊन उभे. लाठी नाही, धूर नाही. तरी एका म्हातारीच्या तळपायाची कातडी चपलेच्या पट्ट्याबरोबर निघून आली. मी आयोडीन लावत होतो आणि ती मला विचारत होती, "जेवला का रं बाळा?" चपला चांगल्या घाला, बंदच. एवढंच सांगायचं होतं.

किल्ला_कोर्ट
वकील आहे. मुंबईत बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ६८-६९ कलमांखाली उचलतात, व्हॅनमध्ये घालतात, संध्याकाळी नावपत्ता घेऊन सोडतात. याला अटक समजून घाबरू नका, पण कुठल्या ठाण्यात नेताय ते विचारून घरी कळवा. फोन काढून घेतील, म्हणून एक नंबर दंडावर पेनाने लिहून ठेवा. खरी अटक झाली तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. मॅजिस्ट्रेट "काही तक्रार?" विचारतात तेव्हा निम्मी पोरं मान हलवून "नाही" म्हणतात. मार खाल्ला असेल तर तिथेच बोला, वळ दाखवा, नोंदवून घ्या.

मुलुंडचा
वकीलसाहेब, एक शंका. कॉलेजात असताना एका आंदोलनात आम्हाला असंच व्हॅनमध्ये घातलं आणि संध्याकाळी सोडलं. विषय संपला असं धरून चाललो होतो. पुढे पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला गेलो तर माझ्यावर गुन्हा दाखल! सरकारी कामात अडथळा. दुबईची नोकरी गेली. मध्यंतरी आंदोलकांवरच्या केसेस मागे घेणार अशी घोषणा झाली, आई पेढे घेऊन आली. तरी समन्स येतंच आहे.

किल्ला_कोर्ट
पेढे लवकर वाटले. घोषणेने केस जात नाही. सरकारी वकिलाने त्या कोर्टात खटला मागे घ्यायचा अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. तुमच्या कोर्टात अर्ज आलाय का ते आधी बघा. पुढच्या तारखेला गैरहजर राहू नका, वॉरंट निघतं. पासपोर्टसाठी ज्या कोर्टात केस आहे तिथूनच परवानगी मागता येते, माझ्या अशिलांना मिळालीय. आरोपपत्राची प्रत आणि जुना रोजनामा (कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) काढून घ्या, मग मेसेज करा.