बायोस (पीसी सुरू करणारा मदरबोर्डमधला प्रोग्रॅम) अपडेट केल्यापासून विंडोज चालूच होत नाहीये, दर वेळी सरळ बायोसमध्येच जातंय. अर्जंट मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, काल रात्रीपासून अडकून पडलोय म्हणून इथे विचारतोय. मी कराडजवळ लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, सगळं काम एकाच असेंबल्ड पीसीवर आहे. २०१९ ला घेतलेला, रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम (३२०० च्या), जीटीएक्स १६५० कार्ड, २४० जीबीचा साटा एसएसडी त्यात विंडोज १०, आणि २ टीबीची हार्डडिस्क त्यात गिऱ्हाइकांचे फोटो. एसएसडी त्याच्याही आधीच्या जुन्या कॉम्प्युटरमधला आहे, तोच विंडोजसकट काढून यात लावला होता आणि चालला, त्यामुळे विंडोज परत टाकायची वेळच कधी आली नाही.

आता झालं असं की ओळखीतल्या एकाकडून रायझन ७ ५७००एक्स मिळाला, आणि तो चालायला बायोस नवीन पाहिजे असं मदरबोर्डच्या साइटवर दिलेलं म्हणून तिथूनच फाइल घेतली, पेनड्राइव्ह फॅट३२ ला फॉरमॅट केला, लाइट गेली तर नको म्हणून इन्व्हर्टरवर लावून बायोसच्या आतूनच अपडेट मारला. १०० टक्के झालं, रीस्टार्ट झाला, मी लगेच बंद करून कूलर काढला आणि नवा प्रोसेसर बसवला. चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम बद्दल काहीतरी इंग्रजी मेसेज आला, वाय दाबा नाहीतर एन दाबा असा, मी घाईत वाय दाबलं. तेव्हापासून दर वेळी बायोसच उघडतंय. एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही लिस्टमध्ये दिसतात पण बूटच्या पानावर काहीच नाही, रिकामं. आणि रॅम पण ३२०० ऐवजी २१३३ दाखवतेय.

इथल्या दुकानात फोनवर विचारलं तर म्हणाले विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल. पण माझ्या डेस्कटॉपवर एका लग्नाच्या ४० शीटच्या पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली) आहेत, दीड महिन्याचं रिटचिंग आहे त्यात, आणि त्याची कॉपी कुठेच नाही. कच्चे फोटो हार्डडिस्कवर आहेत पण काम सगळं सी ड्राइव्हला. अल्बम रविवारी द्यायचाय. फॉरमॅट न मारता काही होईल का? मी वाय दाबलं त्यामुळे डेटा गेला का? प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १

दादा, सगळ्यात आधी, फॉरमॅट मारू देऊ नका, कुणालाही. तुमचं विंडोज जाग्यावर आहे, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे.

बायोस अपडेट झाला की तुम्ही पूर्वी केलेली सगळी सेटिंग पुसली जातात आणि बोर्ड कंपनीच्या डिफॉल्टवर येतो. रॅम २१३३ ला आली ती त्यामुळेच, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवायचं सेटिंग) बंद झालंय, ते नंतर बघू. मुख्य गोष्ट म्हणजे २०२१ ला विंडोज ११ आल्यावर बऱ्याच बोर्डांच्या नव्या बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेच्या चाव्या ठेवायची जागा) आपोआप चालू आणि सीएसएम बंद असं यायला लागलं. तुमचा एसएसडी जुन्या कॉम्प्युटरमधला आहे, म्हणजे तो बहुतेक एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीचा असणार. एमबीआर डिस्कवर विंडोज सुरू करायचा कोड पहिल्याच सेक्टरमध्ये, ५१२ बाइटच्या जागेत असतो. यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, तिकडे बघतच नाही, ते छोटं फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन आणि त्यातली बूटची फाइल शोधतं. तुमच्या डिस्कवर ते पार्टिशनच नाही, म्हणून डिस्क दिसते पण बूटच्या लिस्टमध्ये येत नाही. सीएसएम हे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय देतं, ते चालू केलं की काम व्हायला पाहिजे.

बायोसमध्ये बूटच्या टॅबमध्ये जा, सीएसएम एनेबल करा, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं, सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करा, एफ१० ने सेव्ह करा. परत आत जाऊन बघा एसएसडीचं नाव बूट लिस्टमध्ये आलं का, आलं तर पहिल्या नंबरला घ्या. साटा मोड एएचसीआय वरच राहू दे, तिथे हात लावू नका. आणि कुणी एसएसडी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितला आणि तिथे डिस्क इनिशियलाइज (कोरी समजून नव्याने तयार) करू का असं विचारलं तर नाहीच म्हणायचं.

प्रतिसाद २

वाय दाबल्याने डेटा जात नाही, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर मात्र अडचण येते. एफटीपीएम ही प्रोसेसरमधलीच चावी ठेवायची जागा, वाय म्हणजे ती जागा नव्याने सुरू कर. त्यात बिटलॉकरची चावी असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेव्ह असते. तुमचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट आहे का, बिटलॉकर कधी चालू केलेलं का?

धागाकर्ता

नाही, साधा लोकल यूजर आहे, बिटलॉकर कधी चालू केलेलं नाही.

प्रतिसाद ३

मला वाटतं सोपा मार्ग म्हणजे बायोस परत जुना टाकायचा, जसं होतं तसं होईल. मी एकदा असंच केलेलं.

प्रतिसाद १

नको, ते करू नका प्लीज. आत्ता बोर्डवर ५७००एक्स आहे आणि जुन्या बायोसला तो ओळखूच येणार नाही, मग डिस्प्लेच येणार नाही. २६०० परत लावायचा म्हटलं तर परत कूलर काढा, आणि एएम४ (तुमच्या बोर्डच्या सॉकेटचा प्रकार) मध्ये पिना प्रोसेसरला असतात, कूलरखालची पेस्ट घट्ट धरली असली की कूलरबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. विनाकारण कशाला. आणि यांचा बायोस नीट पडलाय, दोष सेटिंगमध्ये आहे.

धागाकर्ता

झालं!!! विंडोज आलं!!! हात थरथरत होते खरं सांगतो. आधी सीएसएमचा पर्याय फिक्कट दिसत होता, दाबलाच जाईना, मग सिक्युअर बूट बंद करून सेव्ह करून परत आत गेलो तेव्हा तो उघडला. एनेबल केलं, एसएसडी बूट लिस्टला आला आणि जुनाच डेस्कटॉप समोर, सगळे फोल्डर जागेवर. पहिलं काम केलं ते ४० शीटचा फोल्डर हार्डडिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर कॉपी केला. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाहीये.

आता एकच राहिलंय. रॅम ३२०० ला करावी म्हणून एक्सएमपी चालू केलं तर डिस्प्ले गेला, बोर्डवर डीरॅम लिहिलंय तिथला लाइट लागतो, दोन-तीनदा आपोआप चालू-बंद झाल्यावर परत २१३३ ला येतो. जुन्या प्रोसेसरवर याच रॅम ३२०० ला चालत होत्या. नवा प्रोसेसर खराब मिळाला का?

प्रतिसाद २

प्रोसेसर खराब असेल असं लगेच धरू नका. २६०० ला अधिकृत मर्यादा २९३३ होती, ५७००एक्स ला ३२०० आहे, म्हणजे हा उलट जास्त पेलणारा आहे. कूलर काढताना रॅम काढल्या होत्या का? आता कुठल्या खाचांमध्ये आहेत? प्रोसेसरकडून मोजून सांगा.

धागाकर्ता

हो काढल्या होत्या, कूलरचा स्क्रू फिरवायला हात जात नव्हता. आत्ता बघितलं, पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत आहेत.

प्रतिसाद २

मग बहुतेक तेच आहे. दोनच रॅम असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, बोर्डवर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. बहुतेक बोर्डांवर ट्रेस (बोर्डवरची सिग्नल नेणारी रेघ) आधी पहिल्या खाचेला लागतो आणि पुढे दुसऱ्या खाचेपर्यंत जातो, टोकाची खाच रिकामी राहिली की सिग्नल तिथून परत येऊन गडबड करतो. २१३३ ला चालून जातं, ३२०० ला नाही. मेन स्विच बंद करा, केबल काढा, रॅम बदला, दोन्ही बाजूंनी कट असा आवाज येईपर्यंत दाबा. मग एक्सएमपी चालू करा, काही बोर्डांवर डीओसीपी नाव असतं. पहिल्यांदा स्क्रीन एखादा मिनिट काळी राहील, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, त्या वेळात घाबरून बटण दाबू नका.

धागाकर्ता

दुसऱ्या-चौथ्यात लावल्या, एक्सएमपी चालू केलं, स्क्रीन काळी झाली आणि मी नुसता घड्याळाकडे बघत बसलो. आलं. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दाखवतंय, फोटोशॉपमध्ये एक तास काम करून बघितलं, काही अडकलं नाही. फॅनचा आवाज जरा वाढलाय पण. कूलर २६०० बरोबर आलेलाच आहे, चालेल का?

प्रतिसाद १

दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचेच आहेत, त्यामुळे चालेल. ५७००एक्स बरोबर कूलर येतच नाही, तुमच्याकडे जुना होता ते बरं. फॅनचं सेटिंग पण अपडेटमध्ये डिफॉल्टला गेलंय, बायोसमध्ये फॅनचं पान उघडून हळू करून घ्या, फक्त अल्बम एक्स्पोर्ट चालू असताना तापमान किती जातं ते एकदा बघा.

आणि अजून एक, रविवारचं काम उरकल्यावर करा, आत्ता नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आज ना उद्या ११ वर जावंच लागेल आणि त्याला यूईएफआय पाहिजे. विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी (जीपीटी म्हणजे यूईएफआयला लागणारी नवी पार्टिशन पद्धत) नावाचं टूल आहे, कमांड प्रॉम्प्टमधून चालतं, डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. आधी पूर्ण बॅकअप घ्या, मग व्हॅलिडेट करून (डिस्क बदलता येईल का ते तपासून) बघा, ते पास झालं तरच कन्व्हर्ट करा आणि त्यानंतर बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा. हा क्रम उलटा करू नका. कन्व्हर्ट करायच्या आधी इथे लिहा, कमांड एक-एक करून सांगतो.

प्रतिसाद ४

हा धागा वाचून माझ्या भावाच्या पीसीचं पण असंच झालंय हे लक्षात आलं, पण त्याच्या बायोसमध्ये सीएसएम कुठेच सापडत नाही. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरचाच डिस्प्ले वापरतो, इंटेल १२ वी जनरेशन.

प्रतिसाद १

त्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर जुन्या पद्धतीचं बूट चालत नाही, म्हणून पर्याय लपवलेला असतो. डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या पीसीला लावा, आधी डेटा कॉपी करून घ्या. मग वेगळा धागा काढा, त्यात बोर्डचं मॉडेल आणि डिस्क कुठून आली ते नीट लिहा.

धागाकर्ता

शनिवारी रात्री ४० च्या ४० शीट एक्स्पोर्ट झाल्या, लॅबला पाठवल्या. कन्व्हर्टचं सोमवारी बसतो, तेव्हा इथेच लिहीन.